वहिनी आणि ‘पिक अप’

वाळूजच्या एका कारखान्यात कामगारांच्या बसगाड्यांचं नियोजन करायला माणूस हवं होतं, आणि आमच्या वहिनींना ती नोकरी हवी होती. मुलाखत इंग्रजीतून होणार असं कळल्यावर त्यांनी शहागंजातला इंग्रजी बोलायचा क्लास लावला. तिथले सर भर उन्हाळ्यात टाय बांधत आणि ‘गुड मॉर्निंग’सुद्धा पदवीदान केल्यासारखं म्हणत. त्यांनी ‘पिक अप’चे सगळे अर्थ पाठ करून यायला सांगितले. घरात पुस्तकं वाचणारा मी एकटाच, म्हणून वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

मी जाडजूड शब्दकोश घेऊन गेलो. शब्दकोश हातात आला की माणूस थोडा फुगतोच.

“उचलणे,” मी सुरुवात केली. “कुणाला घ्यायला जाणे. फोन घेणे. ऐकून ऐकून भाषा शिकणे. आजारातून सावरणे. धंद्यानं जोर धरणे. पसारा आवरणे.”

वहिनींचं लाटणं थांबलं. “भावजी, एकटीनं एवढी कामं? ही कुणाच्या तरी घरची थोरली सून दिसती.”

“कळतात मला टोमणे,” कोथिंबीर निवडत आई म्हणाली. तिला ही नोकरी पसंत नव्हती. “सून बसगाड्या हाकणार, मग घर कोण हाकणार?” हा तिचा रोजचा प्रश्न होता.

पण शब्द घरभर पसरला. जेवताना दादा म्हणाला, “गाडी पिकअप घेत नाय राव.” वहिनींनी लगेच विचारलं, “हा कितवा अर्थ, भावजी?” मी उत्तर शोधेपर्यंत दादा म्हणाला, “अर्थ राहू दे, प्लग बदलायला पाहिजे.” आठवडाभरात शेजारणीनं दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली, तर खुद्द आईच म्हणाली, “व्हय, आता जरा पिकअप घेतलाय त्यानं.”

मुलाखतीला वहिनींना मीच मोटरसायकलवर घेऊन गेलो आणि गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता. मी चहा तसाच ठेवून उठलो.

“काय विचारलं?”

“साहेब इंग्रजीत म्हणले, बस आलेली नाय, स्टॉपवर माणसं खोळंबलीत. मी ड्रायव्हर आहे असं समजा आणि माझ्याशी बोला. तर मी त्यांना इंग्रजीतच विचारलं, ड्रायव्हरला इंग्रजी येतं का? ते म्हणले, नो.”

“मग?”

“मग काय! म्हणलं, ओ मामा, कुठं राहिलात? बायामाणसं उन्हात उभी हायत. चहा मागून प्या, आधी गाडी काढा! तर साहेब दचकून म्हणले, ‘आलो ताई, पाचच मिनिटं!’ मुलाखत घेणारे बाकीचे दोघं लई हसले.”

“आणि पिक अप?”

“त्याचं कुणी नावच काढलं नाय, भावजी. सोमवारपासून या म्हणले.”

माझी विद्वत्ता वाया गेल्याचं जेवढं वाईट वाटायला हवं होतं, तेवढं काही वाटलं नाही. टपरीवाल्याला मी आणखी दोन चहा सांगितले.

घरी आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. “एवढ्या मोठ्या साहेबाला असं बोललीस?”

“साहेबाला नाय, आई. ड्रायव्हरला.”

आईला हसू आवरेना. पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, “सकाळी किती वाजता निघायचं? डबा मी करीन.”