साधं उत्तर चालणार नाही!

आम्ही जुन्या टायपिंग क्लासातल्या मैत्रिणी भेटलो की एक किस्सा संपायच्या आत दुसरा मध्ये घुसतो. मग चहा निवतो, घरची माणसं कंटाळतात, पण आम्हाला काही थांबवत नाही.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. ठाण्याला कर्णिकसरांचा क्लास होता. "इंग्रजी म्हणी घोकून येत नाहीत, वापरून येतात," म्हणत सरांनी फर्मानच काढलं होतं: क्लासात साधं उत्तर चालणार नाही!

आम्हाला सगळी गंमत. कुसुमला मात्र नोकरी हवीच होती, नाहीतर खडवलीचा एक बिजवर तिच्या नशिबी ठरत आला होता.

*

उषा एकदा क्लास सुटता सुटता उगवली. दारातूनच म्हणाली, "बेटर लेट दॅन नेव्हर, सर!"

सर म्हणाले, "अगं, ते मी म्हणायचं! तू सॉरी म्हण!"

*

होळीला याच उषाची आई आणि दोन काकू पुरणात गूळ किती घालायचा यावरून हमरीतुमरीवर आल्या. उषा ठसक्यात म्हणाली, "टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ!"

"म्हणजे काय गं?"

"स्वयंपाकी फार झाले की आमटी बिघडते."

तिघी पदर खोचलेल्या तशाच बाहेर पडल्या. "घे, आता एकटी बिघडव!"

सगळं पुरण उषाने वाटलं.

*

कुसुमची मुलाखत फोर्टातल्या एका कंपनीत होती. गोऱ्या साहेबाने विचारलं, "आज घेतलं आणि उद्या लग्न करून गेलीस तर?"

आमची कुसुम शांतपणे म्हणाली, "सर, डोंट क्रॉस द ब्रिज टिल यू कम टु इट!"

म्हणजे पूल येण्याआधीच ओलांडायची घाई कशाला! साहेब खो खो हसला. नोकरी मिळाली! आम्ही क्लासातली टेबलं बडवली.

*

पण डोंबिवलीला घरी आप्पा होते. कुसुमचे वडील, संस्कृतचे मास्तर. घरात कुणी इंग्रजी शब्द काढला तर भरल्या पानावरून उठायचे! बिजवराकडून महिनाभर नुसतं "कळवतो, कळवतो" चाललेलं. कुसुमने नोकरीची बातमी सांगितली. आप्पांनी देवापुढे साखर ठेवली आणि पोथीत डोकं घातलं.

तेवढ्यात बिजवराचे काका पेढे घेऊन हजर.

"आमचा होकार आहे, मास्तर. मुहूर्त काढा!"

कुसुम दाराआड. आप्पांनी पाहुण्यांपुढे गूळपाणी ठेवलं, उपरणं सारखं केलं आणि हात जोडून म्हणाले,

"क्षमा असावी. फर्स्ट कम, फर्स्ट सर्व्ड!"