दुपारची बॅच

दुपारी तीन ते चार नगर झोपलेलं असतं. दुकानांची शटरं अर्धी खाली, रिक्षावाले मागच्या सीटवर पाय दुमडून आडवे, आणि ऊन असं पसरलेलं की आपण दुसऱ्या कुणाच्या तरी स्वप्नातून चाललो आहोत असं वाटावं. त्या उन्हातून मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई वजनं उचलायला जायचो. दोघींनी साठी ओलांडलेली. त्यांचा पदर कमरेला खोचलेला, पायांत नवे पांढरे बूट.

जाऊबाई श्रीगोंद्याकडच्या. ऊस आणि गोठा यांत आयुष्य गेलेलं. हिवाळ्यात छातीत कळ आली, नगरला स्टेंट बसला आणि त्या आमच्याकडे राहिल्या. त्यांच्या मुलाने जाहीर केलं, "आता आईनं गावाकडं यायचं न्हाई. काकूकडं आराम करायचा. काकू, तिला काय उचलू देऊ नका." आमच्या घराण्यात बाईचा मान राखायचा म्हणजे तिच्या हातातलं काढून घ्यायचं. आम्ही तो राखला. आधी भाजीची पिशवी काढून घेतली, मग खुर्ची, मग कुकर. त्या खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत. एकदा म्हणाल्या, "मला घरी जायचंय गं. हितं मला गणपतीवानी बसवलंय. इसर्जन तेवढं राह्यलंय."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी त्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवलं, हृदयाचा आलेख निरखला आणि म्हणाल्या, "चालणं चालू ठेवा. शिवाय आठवड्यातून दोनदा वजनं उचला."

मला वाटलं, बाईंसमोर भलतीच फाईल आहे.

"हातापायांत ताकद असली की तेच काम करताना हृदयावर ताण कमी पडतो," त्या म्हणाल्या. "बीपीला, साखरेला फायदा होतो. पाळी गेल्यावर बायकांचे स्नायू भराभर उतरतात, आणि नेमकं तेव्हाच घरचे त्यांना बसवून ठेवतात. सुरुवात हलक्या वजनापासून, शिकवणारं कुणी समोर असताना. छातीत दुखलं, गरगरलं, तर लगेच थांबायचं."

व्यायामशाळा एका हार्डवेअरच्या दुकानावर होती. जिन्यात उद्घाटनाचा भला मोठा फोटो: नारीशक्तीवर भाषण करून झाल्यावर पाहुण्यांनी एक डंबेल उचलून धरलेलं. फोटो निघाल्यावर ते त्यांच्या हातातून दोन कार्यकर्त्यांनी मिळून उतरवून घेतलं, असं म्हणतात. मी हसण्यात अर्थ नव्हता. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून मी जन्मभर शब्दकोशापेक्षा जड काही उचललेलं नव्हतं.

शिकवायला एक तरुण मुलगी होती. पहिल्याच दिवशी जाऊबाईंनी दात आवळून, श्वास कोंडून वजन उचललं. चेहरा लाल झाला. सगळी ओझी त्यांनी अशीच उचलली होती.

"आजी, श्वास सोडत उचला. कोंडला की बीपी चढतं."

"श्वास सोडल्यावर मग काय जोर ऱ्हातोय गं?"

"मग बोलत उचला. बोलताना श्वास कोंडता येत नाही."

हे मात्र त्यांना जमलं. त्या बोलू लागल्या. कालव्याला पाणी कधी सुटतं, कुठली गाय दूध चोरते, विहिरीवरची मोटार कुणाच्या हाताने पटकन चालू होते. लोखंड वर जाई, खाली येई, आणि त्या संथ आवाजात सांगत राहत. पंखा गरगरत असे. खिडकीतलं ऊन आरशात पडे आणि आरशातून फरशीवर. मला हळूहळू पायांखाली ओलं रान लागल्यासारखं व्हायचं. कोपऱ्यातल्या यंत्रांमागे गुरं रवंथ करत उभी आहेत असं वाटायचं. एकदा तर मी मोजणं विसरून त्यांच्या वाफ्याला पाणी दिलं. भानावर आले तेव्हा ती मुलगी विचारत होती, "काकू, झोपलात का?"

"नाही," मी म्हटलं. "श्रीगोंद्याला गेले होते."

स्क्वॉटला जाऊबाई उठाबशा म्हणत. "शाळंत मास्तर फुकट घालायला लावायचा," म्हणत, पण चुकवत नसत. पावसाळ्याच्या शेवटी त्या जमिनीवरून हाताचा टेकू न घेता उठू लागल्या. जिन्यात आता मी त्यांना थांबा म्हणायची.

तपासणीला या खेपेला मुलगाही आला. बीपी जागेवर होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी न्या. गोळ्या चालू, व्यायाम चालू, आणि झेपेल ते काम करू द्या."

"हलकं ना, मॅडम? बसून?"

"उभं राहून," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दिवाळीनंतर मी गावाकडे गेले. सकाळचं धुकं अजून उसावर होतं, आणि त्यात माणसं कमरेपर्यंतच दिसत होती. जाऊबाईंच्या सुनेने गुरांसाठी घास कापून दोन बेताचे भारे बांधले होते.

"आत्या, ऱ्हाऊ द्या. मी दोन खेपा करीन."

"आन् मी काय हितं राखण बसू व्हय?" जाऊबाई गुडघ्यांत वाकल्या, भारा डोक्यावर घेतला आणि सरळ उठल्या. अरुंद बांधावर समोरून मुलगा येत होता. त्याचे दोन्ही हात पुढे झाले.

"आई, दे हिकडं. पडशील."

"वाटंत तू हुबा हाईस. बाजूला सर."

त्याने हात मागे घेतले. मग बांधावरून खाली वाफ्यात उतरला.