इंटरव्हलचं पाणी

परवा भाचीनं कळंबहून एक फोटो पाठवला. आमच्या जुन्या टॉकीजचा... शटर गंजलेलं, भिंतीतून पिंपळ उगवलेला. खाली तिनं लिहिलं होतं, 'मामी, पाडणार आहेत म्हणे.'

तोच फोटो गावाच्या ग्रुपवरही फिरला आणि आठवणींचा नुसता पूर आला. कुणी कॉलेज बुडवून पिक्चर पाहिले, कुणी बायकोला पहिल्यांदा तिथंच नेलं... मी गप्प वाचत बसले होते. मग वाटलं, आपणही लिहावं. कारण या टॉकीजमध्ये मी एका उन्हाळ्यात रोज जात होते आणि एकदाही तिकीट काढलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालेलं. आमच्या बौद्ध वस्तीतला आड कोरडा पडला होता आणि गावातल्या बाकीच्या विहिरींवर आम्ही दिसलो की रहाटाचा दोर काढून घरात नेला जायचा.

पाणी होतं ते टॉकीजच्या मागच्या विहिरीला. मालक मुसलमान, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांनी विहीर सगळ्यांना खुली केली. पण मागच्या बाजूला गोदामांच्या भिंती, त्यामुळं जायची-यायची वाट थेटरातूनच... पडद्याशेजारच्या दारातून.

म्हणून पाणी फक्त इंटरव्हलमध्ये. रांग तिकिटाच्या खिडकीपासून, जी आधी येईल तिचा नंबर आधी. कोण कुठल्या वस्तीतली, हे चाचांनी कधी विचारलं नाही. इंटरव्हल मात्र दिवसेंदिवस लांबत चालला होता आणि खुर्चीवाले कुरकुरायला लागले होते.

त्या दिवशी पहाटे माझी नणंद बाळंत झाली. मुलगी झाली. घरात पाणी म्हणाल तर माठाच्या तळाशी पेलाभर. दुपारच्या खेळाला मी घागर घेऊन निघाले तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "रिकामी येऊ नगं, बाई."

माझा नंबर आला, मी घागर भरली आणि तेवढ्यात आतून आवाज आला. खुर्चीत बसलेला एक आडत्या ओरडत होता, "या बायांपायी आमी किती येळ बसायचं? लावा पिक्चर." त्या 'या'वर त्यानं जो जोर दिला होता, तो विहिरीपर्यंत पोचला. बाकीचेही ओरडू लागले. मशीनवरचा ऑपरेटर बिचारा घाबरला... आणि आतले दिवे घालवून त्यानं पिक्चर लावला.

आता खेळ सुटेपर्यंत तिथंच थांबायचं, असा नियम. माझ्यामागं आणखी चौघी होत्या, त्या भिंतीला टेकून बसायलाही लागल्या. मला घरची बाळंतीण दिसत होती. आणि खरं सांगते, त्याहून जास्त मला राग आला होता.

पदर खोचला, घागर डोक्यावर घेतली आणि दार ढकललं. ते दार उघडायचं थेट स्टेजवर, पडद्याच्या पुढ्यात. डोळ्यांवर असा प्रकाश आला की काही दिसेना. माझी सावली पडद्यावर पडली... हीरोच्या डोक्यावर घागर. शिट्ट्या काय, शिव्या काय. पण मी पाऊल भरभर उचललं नाही. भरली घागर घेऊन कोण पळतं? मागं वळून पाहिलं तर त्या चौघीही निघालेल्या, एकीमागं एक.

मशीन थांबलं, दिवे लागले. चाचा दारात उभे होते. आवाज न चढवता म्हणाले, "शेवटची घागर भाईर गेल्याबिगर पिक्चर सुरू होनार न्हाय. ज्याला जमत न्हाय, त्यानं खिडकीवर जाऊन पैसे परत घ्यावे. रांगेनं."

आडत्या तावातावानं उठला आणि खिडकीकडं गेला. पण तिथं रांग होती ती आमचीच... आणि शेवटी उभी होती आमच्या वस्तीतली म्हातारी लक्षीमावशी. पैसे हवेत तर तिच्यामागं उभं राहायचं. तो जरा वेळ घुटमळला आणि गुमान आत जाऊन बसला. मावशीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पाऊस पडेपर्यंत आमच्या घरांना त्या विहिरीनं जगवलं. पुढं व्हिडिओ आले, टीव्ही आले, टॉकीज बंद पडली. चाचा तर त्याआधीच गेले. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते आज इथं मानते.

ग्रुपवरच्या सगळ्यांनी त्या पडद्यावर पिक्चर पाहिले. मी त्या पडद्यावर चालून गेलेय.

भाचीला उत्तर पाठवलंय... पाडायच्या आधी मी येतेय, चावी कुणाकडं आहे ते बघून ठेव. गुडघे दुखतात, पण त्या स्टेजवरून मला एकदा चालायचंच आहे, आणि तिलाही चालवायचंय. त्या दिवशीच्या घागरीतलं पहिलं पाणी तिच्याच अंगावर पडलं होतं.