सरासरीत न मावणारी वस्ती

रविवारी सकाळी लेकीच्या लॅपटॉपवर चार रंगांच्या चार टेकड्या दिसल्या. मुक्ता जिल्ह्याच्या रुग्णवाहिका विभागात काम करते. गाडी पोचायला किती वेळ लागला, याच्या वर्षभराच्या नोंदी तिने काढल्या होत्या आणि चार तालुक्यांचे आलेख एकावर एक मांडले होते.

"आई, सरासरी चारही तालुक्यांची सारखीच. म्हणून साहेब म्हणतात, सगळं ठीक आहे."

तीन टेकड्या उंच, आटोपशीर होत्या. डोंगराळ तालुक्याची मात्र बसकी. उशिराच्या बाजूला ती लांबवर उतरत गेलेली.

"इथे तालुक्याच्या गावात गाडी चटकन पोचते, वस्त्यांवर फार उशिरा. सरासरी काढली, की तो उशीर दिसेनासा होतो. उद्या साहेबांना हेच दाखवणार आहे."

मी त्या उतरत्या रेषेकडे पाहत राहिले. किती सोयीचा शब्द आहे सरासरी! एरवी मीही माणसांना त्यातच बसवून मोकळी होते. पण कळा सुरू झालेली बाई सरासरीत राहत नाही. ती त्या रेषेच्या टोकाला, कुठल्याशा वस्तीवर, रस्त्याकडे कान लावून पडलेली असते.

साहेबांना पटलं. पावसाळ्याआधी डोंगराच्या पायथ्याशी एक गाडी कायमची उभी राहिली. परवा मुक्ताबरोबर मीही तिकडे गेले.

"ही गाडी कुणी मिळवून दिली हो?" चहा देताना चालकाने विचारलं.

"ऑफिसने," मुक्ता पुटपुटली.

"माझ्या मुलीने," मी म्हणाले, जरा मोठ्यानेच.