कोपर दिसलं पाहिजे

२० जानेवारी १९३९. काम एवढंच होतं : अक्कासाहेबांनी पेंढ्याच्या लॉऱ्यांच्या रस्त्यानं कुंभकोणम् ते पापनाशम् गाडी न्यायची आणि कोणी मरायचं नाही.

गोषातल्या बायकांना मोटार शिकवणं हा तेव्हा माझा धंदा. पुरुष ड्रायव्हर शेजारी बसलेला चालत नसे, म्हणून मला बोलावणी येत. अक्कासाहेब माझ्या सगळ्यांत चांगल्या विद्यार्थिनी. हात स्थिर, डोकं थंड. त्यांच्या आई पापनाशमला अंथरुणाला खिळलेल्या. वर्षातून दोनदा भेट व्हायची, तीही रावसाहेबांची मर्जी असेल तर. रावसाहेब म्हणजे त्यांचे यजमान. त्यांनी जाहीर केलं होतं, आजची फेरी मनासारखी झाली तर दर आठवड्याला आईकडे जाता येईल. नाही झाली तर गाडी विकून टाकायची.

रावसाहेब परीक्षक म्हणून मागच्या सीटवर बसले. त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती.

खिडक्यांना पडदे होते. समोरच्या काचेला पडदा लावता येत नाही, हे मी त्यांना दोन दिवस समजावलं होतं. पण हात दाखवण्यावर आमचं अडलं. वळायचं असो, थांबायचं असो, चालवणाऱ्यानं उजवा हात बाहेर काढून इशारा द्यायचा असतो. घराण्यातल्या बाईचा हात भर रस्त्यात? शक्य नाही. त्यावर रावसाहेबांनी तोड काढली. गाडीच्या उजव्या बाजूच्या पायरीवर घरचा जुना सेवक सखोजी दफेदार उभा राहील, पागोटं घालून, चांदीच्या मुठीची काठी घेऊन. हात तो दाखवेल आणि पालखीपुढे देत तशी ललकारीही देईल. दफेदाराचं वय सत्तरच्या घरात.

गावाबाहेर पडताच पुढे लॉरी आली. सुगी नुकतीच आटोपली होती. पेंढा एवढा लादलेला की लॉरी दिसेचना, गवताची गंजीच चालल्यासारखी वाटे.

“मागे राहा,” मी म्हटलं. “त्याचं कोपर दिसेल इतकं मागे.”

हे माझं पहिलं सूत्र. लॉरीवाला उजवं कोपर खिडकीबाहेर टेकून बसतो. ते आपल्याला दिसलं तर आपण त्याला दिसू शकतो. नाही दिसलं, तर त्याच्या लेखी आपण जन्मलोच नाही.

“मास्तरीणबाई,” मागून आवाज आला, “त्यांना सांगा, गवताची धूळ खायला आम्ही निघालो नाही. पुढे काढा.”

चारचौघांत रावसाहेब बायकोशी थेट बोलत नसत. अक्कासाहेबही कमी नव्हत्या.

“बाई, त्यांना सांगा, कोपर दिसत नाही.”

“कसलं कोपर? सखोजी, ललकारी दे!”

दफेदारानं ललकारी दिली. सात पिढ्यांच्या पदव्या होत्या, वेळ लागला. लॉरी तशीच मधून चालली.

“त्यांना सांगा, पुढे काढा म्हणजे काढा. नाहीतर इथूनच घरी.”

घरी म्हणताच अक्कासाहेबांनी चाक उजवीकडे वळवलं. आईचा प्रश्न होता. गाडी जेमतेम हातभर बाहेर आली असेल, तोच समोरून दुसरी पेंढ्याची लॉरी आली. मी ओरडले, “मागे!” त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी पुन्हा डावीकडे घेतली. समोरच्या लॉरीची चाकं आमच्यापासून लांबच होती. पेंढा मात्र लांब नव्हता. तो दोन्ही अंगांना चांगला हात-दीड हात बाहेर आलेला असतो. लॉरी चाकांवरून मोजायची नसते, मालावरून मोजायची असते. दफेदार खिडकीला घट्ट बिलगला. पेंढा त्याच्या अंगावरून खरखरत गेला आणि पागोटं घेऊन गेला.

पागोटं मागे धुळीत सापडलं, फाटलेलं. दफेदार अख्खा होता.

पापनाशमच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. पुढची लॉरी तिथंच उभी. ड्रायव्हरचं नाव मुरुगेसन. पुन्हा हँडल मारायचा कंटाळा, म्हणून इंजिन चालूच ठेवलेलं. मी त्याला म्हटलं, “पाच मिनिटं तुमची जागा आमच्या साहेबांना द्या.”

“बसा, सामी,” तो हसत उतरला.

रावसाहेब वर चढले. उंच जागा त्यांना आवडली. एका बैलगाडीवाल्याला त्यांनी हातानं बाजूलाही व्हायला लावलं. मग मी दफेदाराला लॉरीमागे उभं करून ललकारी द्यायला सांगितली.

“दफेदार दिसतो का?” मी विचारलं.

“कुठं आहे?”

“मागे. ओरडतोय.”

“काही ऐकू येत नाही.” मग मुरुगेसनकडे वळून, “तुला मागचं दिसतच नाही?”

“मागचं क्लीनर बघतो, सामी.”

“तो कुठं आहे?”

“वर, पेंढ्यावर. झोपलाय.”

रावसाहेबांनी विचार केला. “सखोजीचा आवाज बसलाय,” ते म्हणाले.

फाटक उघडलं, पण दफेदार पायरीवर चढेना.

“सरकार, पालखीपुढे चालायला जन्मलो. पेंढ्याखाली मरायला नाही.” तो सरळ मागच्या सीटवर, मालकाशेजारी, जाऊन बसला.

आता पायरीवर कोण? रावसाहेब स्वतः उभे राहणार नव्हते. मी अक्कासाहेबांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “बाई, कोणाला काही सांगू नका.”

लांब मागे राहून त्यांनी कोपर शोधलं. पडदा सारला, हात बाहेर काढला, हॉर्न दिला. क्लीनर आता जागा होता. त्यानं काठीनं टपावर दोनदा ठोकलं. लॉरी डावीकडे सरकली. कोपराच्या जागी पंजा आला आणि पुढे जा म्हणून हलला. समोरचा रस्ता मोकळा होता. अक्कासाहेब रेंगाळल्या नाहीत. लॉरीच्या बगलेत थांबायला ती काही झाडाची सावली नव्हे. आरशात पूर्ण लॉरी दिसल्यावरच त्यांनी गाडी डावीकडे घेतली.

मग मागून आवाज आला, “मास्तरीणबाई, त्यांना सांगा, बांगड्या फार वाजल्या.”

एवढंच. आईकडे दोन तास बसू दिलं. परतताना अट आली : दर आठवड्याला जा, पण हात दिसता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्री घेऊन त्यांच्या घरी गेले. उजव्या पडद्याला भोक पाडलं आणि तिथं एक लांब बाही शिवली. कापड दफेदारानं दिलं, फाटक्या पागोट्याचं, लालभडक. फर्लांगभरावरून दिसणारं. घराण्याचा रंग म्हणून रावसाहेबही खूश झाले.

माप मात्र मी कोपराच्या वरपर्यंत घेतलं. लॉरीवाल्यालाही आपलं कोपर दिसलं पाहिजे.