भिंतीतलं घर

एनॉक ट्रँटरचं लग्न एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर अडून राहिलं होतं. थॉर्नकोट इस्टेटीचे हेडमाळी मिस्टर क्लीटन यांचे ते गुडघे. ते पार निकामी झाले की क्लीटन पेन्शनीत जाणार, एनॉक हेडमाळी होणार आणि भाजीबागेच्या उंच भिंतीत बांधलेलं लाल विटांचं घर त्याला मिळणार. घर मिळालं की लग्न. थॉर्नकोटला हाच क्रम होता आणि तो मोडायची छाती तिथं कुणाची नव्हती.

हेडमाळी सोडला तर बाकी सगळे माळी सडेफटिंग. लग्न करायचं असेल तर बिऱ्हाड उचला, असा सरळ नियम. ते राहायचे बॉथीत, म्हणजे त्याच भिंतीच्या उत्तरेला टेकवलेल्या दोन ओलसर खोल्यांत. भिंतीच्या दुसऱ्या अंगाला ऊन असायचं, तिथं पीच पिकायचे. एनॉकच्या शेजारच्या खाटेवरचा विल्फ म्हणायचा, "पीचला ऊन हवं बाबा. आपलं काय, आपण बटाटे. अंधारातच बरे टिकतो."

एनॉक चौदाव्या वर्षी कुंड्या घासायला आला तो तिथलाच झाला. सत्ताविसाव्या वर्षी काचघरांचा फोरमन. मस्कॅट जातीच्या द्राक्षांच्या घडातले बारके मणी कात्रीनं विरळ करायचे तर त्यानंच. घडाला बोट म्हणून लावायचं नाही आणि चुकीचा मणी कापायचा नाही. जिल्ह्याच्या प्रदर्शनात थॉर्नकोटच्या द्राक्षांना पहिलं बक्षीस ठरलेलं. पाटीवर नाव अर्थात क्लीटनसाहेबांचं. एनॉकला त्याचं काही वाटत नसे. उद्या त्या पाटीवर आपलंच नाव येणार, असं तो धरून चालला होता.

रोज सकाळी भाजीची टोपली वाड्याच्या मागच्या दारी पोचवायची आणि ती घ्यायला यायची हेस्टर प्यू, स्वयंपाकघरातली मोलकरीण. वेल्सच्या सीमेवरची मुलगी, बावीस वर्षांची, जीभ तिखट.

"काय हे ट्रँटर, पालकात गोगलगाय! बाईसाहेबांना वाढू की तुला?"

"तूच खा. अंगावर जरा मांस येईल."

पुढं पालकाखाली व्हायोलेटच्या फुलांची जुडी यायला लागली. मुख्य स्वयंपाकिणीनं ती पाहिली असती तर दोघांनाही नारळ मिळाला असता. हेस्टर ती एप्रनच्या आत दडवायची आणि दिवसभर भांडी घासताना तिला तो वास येत राहायचा.

एकोणीसशे अकरा साली शेजारच्या परगण्यातल्या एका डॉक्टरच्या विधवेला माळी हवा होता. एकटा माळी, पण लग्न झालेला चालेल, घर मिळेल. बातमी हेस्टरनंच आणली. रविवारी चर्चहून परतताना ती कुंपणाच्या कडेनं जवळजवळ पळतच आली.

"दोन खोल्या आहेत, एनॉक. डुकराला कोठा आहे. पाणी दारातच."

"आणि हाताखाली?"

"हाताखाली काय?"

"माणसं गं. किती?"

"मी आहे ना!"

एनॉक हसला. हेस्टर हसली नाही.

"अगं, मी काचघरांचा फोरमन," तो समजावायला लागला. "तिथं जाऊन एकट्यानं कोबी लावू? एकदा कोबीवाला झाला की माणूस जन्माचा कोबीवाला. मोठ्या बागेत त्याला परत कुणी उभं करत नाही. आणि क्लीटनसाहेब स्वतः म्हणालेत, पुढच्या प्रदर्शनानंतर सोडतो म्हणून. एक वर्ष थांब."

हातचं सोडून पळत्याच्या मागं लागणारा माणूस मूर्ख, असं म्हणतात. पण माळ्यांच्या धंद्यात एनॉकला कुणीच मूर्ख म्हटलं नसतं. अठरा माळ्यांवरचा हेडमाळी म्हणजे केवढा मान! तो उंबऱ्याशी आलेला दिसत असताना एका विधवेचे कोबी कोण उपटणार? विल्फनंसुद्धा त्याची पाठ थोपटली. ही गोष्ट सांगताना त्या शाबासकीचा मला आजही राग येतो.

पुढच्या प्रदर्शनानंतर क्लीटननी आणखी एक प्रदर्शन म्हटलं. मग चौदा सालची मोठी लढाई आली. एनॉक फ्लँडर्सच्या चिखलात जाऊन आला, विल्फ आला नाही. अठरांपैकी सातच परतले. "अशा वेळी बाग कशी सोडू रे?" क्लीटन म्हणाले आणि ते खोटंही नव्हतं. एनॉकनं हेस्टरला सांगितलं, एक वर्ष थांब. आता तो हे इतक्या सवयीनं म्हणायचा की त्यातलं वर्ष कुठलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

अठरा सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत क्लीटनची बायको गेली. म्हाताऱ्याला चूल पेटवता येईना, तेव्हा वाड्यावरून जेवण जायला लागलं आणि ते घेऊन जायची हेस्टर. तिला ते आवडत नव्हतं. गळ घातली ती एनॉकनं.

"जात जा गं. म्हाताऱ्याला बरं वाटेल. आणि घरही डोळ्यांखालून जाईल. कुठली खोली कशाला घ्यायची ते ठरवून ठेव."

तिनं खरंच ठरवलं. बागेकडच्या खिडकीपाशी शिवणाची खुर्ची, जिन्याखाली जॅमच्या बरण्या. ती येऊन सांगायची आणि एनॉक द्राक्षांच्या वेलीवरून नजर न काढता मान डोलवायचा.

दोन वर्षांनी, जून महिन्यात, ती काचघरात आली. एनॉक शिडीवर होता, हातात कात्री.

"मिस्टर क्लीटननी मागणी घातलीय."

"कशाची?"

"कशाची म्हणजे? माझी."

तो खाली उतरला नाही. "म्हातारा एकसष्टचा आहे, हेस्टर!"

"असू दे. मी पस्तिशीची झाले. तू घराची वाट बघत बसलायस. त्यानं मला घराचं दार उघडून दिलंय."

"पण आता कितीसं राहिलंय? एक वर्ष..."

हे तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. हेस्टर हसली. असं हसणं त्यानं तिच्या तोंडी कधी ऐकलं नव्हतं आणि त्याला भीती वाटली. ती गेल्यावर त्यानं समोरचा घड मुठीत धरून चिरडला. एकच घड. बाकीचे मात्र संध्याकाळपर्यंत नीट विरळून झाले. खाली उतरून तिच्या मागं धावावं, हे त्याला सुचलंच नाही. कात्री मात्र त्यानं पुसून जागेवर ठेवली.

थॉर्नकोटची आणखी एक रीत होती. हेडमाळ्याच्या घरी रोजची भाजी फोरमननं पोचवायची. पायरीवर टोपली ठेवायची, दारावर दोनदा टकटक करायची आणि दार उघडेपर्यंत टोपी काढून उभं राहायचं.

"आज काय आणलंत, मिस्टर ट्रँटर?"

"वाटाणे आहेत, मिसेस क्लीटन. कोवळे आहेत."

"बरं झालं. ह्यांना चावतील."

सोळा वर्षं हे चाललं. मधे त्याला दुसऱ्या इस्टेटींतून बोलावणी आली, एक तर हेडमाळ्याची. तो गेला नाही. वेली कोण बघणार, म्हणायचा. वेलींचं निमित्त होतं. सकाळी ते दार उघडायचं, तेवढ्यावर तो दिवस काढत होता. पालकाखाली मात्र पुन्हा कधी काही ठेवलं नाही. दुसऱ्याची बायको ती. एनॉक सज्जन होता आणि त्या सज्जनपणाचा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही.

एकोणीसशे छत्तीसच्या फेब्रुवारीत क्लीटन खुर्चीतच गेले. इस्टेटीच्या कारभाऱ्यानं एनॉकला बोलावून सांगितलं, आता तू हेडमाळी. सत्तावन्नाव्या वर्षी. हाताखाली माणसं चार. काचघरांतले बॉयलर थंड पडले होते, थोरल्या काचघरात फुटक्या काचांतून नेटलचं खाजरं तण वाढलं होतं आणि प्रदर्शनाला द्राक्षं पाठवणं केव्हाच बंद झालं होतं. "घर पंचवीस मार्चला रिकामं होईल," कारभारी म्हणाला. "बाईंना कळवलंय."

त्या आठवड्यात एनॉक गेला तो टोपली न घेता. दाढी करून, कॉलर लावून.

"या. चहा उभ्यानंच घ्यावा लागेल," हेस्टर म्हणाली. "खुर्च्या बांधल्यात. नवा हेडमाळी येतोय म्हणे."

"तुम्ही जायची गरज नाही, मिसेस क्लीटन."

"नियम आहे ना."

"हेस्टर." सोळा वर्षांनी त्यानं ते नाव घेतलं. "तू राहा इथंच. घर आता माझं आहे. चर्चमध्ये तीन रविवार लग्नासाठी नावं पुकारली की झालं. कारभाऱ्याला मी सांगतो."

तिनं चुलीवरची किटली उचलली. मग म्हणाली, "त्या विधवेच्या घराला डुकराचा कोठा होता, आठवतं?"

"आठवतं."

"मी त्या कोठ्यातसुद्धा आले असते, एनॉक. तू नुसतं चल म्हणायला हवं होतंस." तिनं किटली खाली ठेवली. "क्लीटन वाईट नव्हते. जपलं त्यांनी मला. पण ते गेल्यावर मला रडू आलं नाही, तेव्हा कळलं की मी लग्न ह्या भिंतींशी लावलं होतं. आणि तू! रोज सकाळी दार वाजवायचास. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, आज बोलेल. निदान रागावेल तरी. तू म्हणायचास, वाटाणे कोवळे आहेत."

"तू त्यांची बायको होतीस. मी काय बोलणार होतो?"

"त्याआधी तेरा वर्षं मी कुणाचीच नव्हते."

एनॉकनं बांधलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"आज तुला घर मिळालं, आज तुझं तोंड उघडलं," ती म्हणाली. आवाजात तिखटपणा नव्हता, तेच वाईट होतं. "ह्या घराला मी एकदा हो म्हटलंय. दुसऱ्यांदा हो म्हणायची नाही. बार्मथला बहीण आहे माझी, तिच्याकडे जाते. समुद्र तरी बघीन."

पंचवीस मार्चला गाडी आली. खुर्च्या एनॉकनंच उचलून चढवल्या. ती चढताना त्यानं हात पुढं केला आणि तिनं तो धरला, चढण्यापुरता. मग तिनं किल्ली त्याच्या हातात ठेवली.

त्या रात्री तो भिंतीतल्या घरात झोपला. बागेकडच्या खिडकीपाशी फरशीवर शिवणाच्या खुर्चीच्या चार पायांचे ठसे होते. जिन्याखाली जॅमची एक बरणी राहिली होती. तीस वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते घर मिळालं होतं आणि त्याला बॉथीतली ओल आठवत होती.

सकाळी तो नेहमीच्या वेळी उठला आणि बागेत गेला. पहिला कोवळा पालक निघाला होता. तो खुडून त्यानं टोपलीत भरला. वाटेत भिंतीच्या कडेला व्हायोलेट फुललेली दिसली. तो थांबला, वाकला, जुडी बांधली आणि पालकाखाली सरकवली. मग पाय आपसूक चालू लागले. पायरीवर त्यानं टोपली ठेवली, टोपी काढली आणि दारावर दोनदा टकटक केली.

किल्ली त्याच्याच खिशात होती. तरी तो बराच वेळ टोपी हातात धरून उभा राहिला.