तवशाचा वेल आणि चातुर्मासातला लसूण

ही हकीकत आमच्या घरात आजवर सौभाग्यवतीनेच सांगितली आहे, आणि तिच्या सांगण्यात मी फार खादाड असतो. म्हणून माझ्या बाजूने लिहून ठेवतो. खादाडपणा तेवढा खरा आहे.

लग्नानंतर कोकणातून घाट चढून येताना हिने माहेरच्या तवशाचं बी पदराच्या गाठीत आणलं होतं. तवसं म्हणजे काकडीच, पण हातभर लांब अन् मांडीएवढी जाड. पुढे हिचे आईवडील गेले, भाऊ चाकरीसाठी बडोद्याकडे गेला, घराला कुलूप लागलं. माहेरचं उरलं ते शनिवार पेठेतल्या आमच्या परसात दरसाल उगवायचं तेवढंच. बियाण्याचं तवसं वेलावर पिवळं होईपर्यंत हात लावायचा नाही, हा हिचा नियम. एके वर्षी ही चार दिवस नणंदेकडे गेली आणि मी बियाण्याला राखलेलं तेच तवसं हिरवं कापून कोशिंबीर केली. ओलं खोबरं घालून. छान झाली होती.

पुढच्या आषाढात हिच्या बियाण्याच्या डबीच्या तळाशी जुन्या पाच बिया निघाल्या. तीन रुजल्या. माझ्या पानात कोशिंबीर मात्र तेव्हापासून पडली नाही. ही रागावली असती तर बरं झालं असतं.

भाद्रपदात पानांवर पांढरी धूळ दिसू लागली. भिंतीला चुना दिला होता, त्याचीच असेल म्हणून मी उपरणं ओलं केलं आणि हिची मर्जी संपादन करायला तिन्ही वेलांचं पान न् पान पुसून काढलं. चार दिवसांत चांगली पानंही पांढरी झाली.

दारावर भाजी घेऊन येणाऱ्या माळीणबाईंना परसात नेलं. त्यांचा मळा नदीपलीकडे. त्यांनी एक पान बोटानं चोळून पाहिलं.

"भुरी हाय ही, दादा. बुरशीचाच परकार. पुसली कुनी?"

"मी."

"म्हंजी या पानावरची त्या पानावर नीट वाटून दिली. दफ्तरात बी असंच काम करता का?"

कित्येक दिवसांनी ही हसली. पदराआड, पण हसली.

माळीणबाईंनी उपाय सांगितला. लसूण ठेचायचा, कडुनिंबाचा पाला कुटायचा, दोन्ही रात्रभर पाण्यात ठेवायचं. सकाळी गाळून, आणखी पाणी घालून, पानाच्या दोन्ही अंगांवर शिंपायचं. पानाला धरावं म्हणून रिठ्याचा थोडा फेस. फार पांढरी पानं खुडून जाळायची.

"लसूण?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो. चातुर्मास होता. कांदा-लसूण कार्तिकी एकादशीपर्यंत आमचा उंबरा ओलांडत नाही.

"वेलाला बी चातुर्मास असतो का?" माळीणबाई म्हणाल्या.

ही वेलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, गोठ्यामागच्या दगडावर ठेचा. माझा खलबत्ता मिळायचा नाही. आणि आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही."

दर चार दिवसांनी मी ठेचत होतो, शिंपत होतो, आंघोळ करत होतो. लसूण मात्र आंघोळीला दाद देत नाही. दफ्तरात शेजारच्या बैठकीवरच्या कारकुनांनी बोरू खाली ठेवला.

"आपला चातुर्मास यंदा लवकर संपला वाटतं?"

"वेलासाठी आहे हो."

"अस्सं. खातो वेल, आणि वास आपल्या अंगाला येतो."

दोन वेल गेलेच. तिसऱ्याची जुनी पानं राखेसारखीच राहिली, पण शेंड्याला नवं पान फुटलं ते हिरवंगार. त्यामागून दुसरं. मी ही बातमी इतक्या मोठ्यानं दिली की ही हातातलं उलथनं घेऊनच धावत आली. त्या वेलाला एकच तवसं धरलं. आश्विनात ते पिवळं झालं, तोवर परसात जाताना माझ्यावर नजर असे.

कापायच्या दिवशी हिने विळी माझ्याचपुढे ठेवली. "आपणच कापा. बी मोजायला मी आहे."

बिया राखेत घोळवून सुकवल्या. अर्ध्या डबीत गेल्या, अर्ध्या हिने माळीणबाईंच्या ओच्यात घातल्या. "एकाच घरात सगळं ठेवू नये," ही म्हणाली, "घरात खाणारी माणसं असतात."

यंदा माळीणबाईंच्या पाटीत सात तवशी आली. हिने एकेकावरून हात फिरवला, वास घेतला, माहेरच्या विहिरीचं काहीतरी पुटपुटली. मग त्यातलं एक कोवळं उचलून माझ्या हातात दिलं.

"खोबरं खवून ठेवलंय," म्हणाली.